सतराच्या वर गेलेला फुगा

नाव शेवंता कांबळे. गाव नेसरी, गडहिंग्लजकडलं, आन लगीन झालं तवापास्नं कोल्हापूर, मंगळवार पेठ. लिवा, पावणं, पण एक आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बाया बी आलो-गेलो, करतो-बसतो असंच बोलत्यात, ते तुमी पुस्तकात सुधरत बसू नका, न्हायतर माझी धाकटी बहीण वाचंल आन म्हणंल ही आमची अक्का न्हवंच.

आमच्या आज्यानं छप्पन सालात धम्म घेतला आन त्याच दिशी गावकीची कामं सोडली, म्हणाला आता पोरांनी हातात कायतरी कसब धरायचं. माझ्या बानं रबर धरलं. नेसरीच्या स्टँडजवळ पंक्चरचं दुकान, दुकान कसलं, चार पत्रं आन एक पाण्याची पाटी, पण आजूबाजूच्या गावांच्या सायकली, ट्रॅक्टर, समदं बाच्याकडंच येणार. मी थोरली, शाळंतनं आलो की दप्तर टाकायचं आन पाटीजवळ बसायचं. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडं कुठनं येत्यात बगायचं, आन पाणी नसलं तर कानाजवळ धरून ऐकायचं. व्हय, ऐकायचं. वारं सुटलं की कानाला कळतंय. आन एक गोष्ट बानं मला शंभरदा सांगितली असंल, शेवंते, तेलाचा हात रबराला लावायचा न्हाय, तेल म्हंजे रबराचं इख, आज काय दिसत न्हाय, उद्या ताण पडला की तितंच फाटतं. एवढं ध्यानात ठेवा, पावणं. मी ठेवलं न्हाय, त्याचीच तर समदी गोष्ट हाय.

लगीन झालं, मालकांची रिक्षा, पोरं शाळंत जायला लागल्यावर मी शहराभायेर टेकावर एक केंद्र हाय तितं झाडलोटीला लागलो. हवामानाचं केंद्र, पण उद्या पाऊस पडंल का ते सांगणारं न्हवं, लई वरच्या हवंचं. रोज सकाळी उजाडायच्या वक्ताला तितनं एक पांढरा फुगा सोडत्यात. त्याच्याखाली दोरीला एक डबी, डबीत यंत्र, वर किती गार हाय, वारं कुठनं कुठं चाललंय, समदं ती डबी खालच्या संगणकाला सांगत सांगत वर जाती. मला तवा ह्यातलं काय ठावं न्हवतं, मी आपला झाडत हुतो. एक दिवस ग्यासच्या नळीतनं वारं सुटत हुतं, दोन साहेब साबणाचा फेस लावून लावून दमलं, मी झाडू हातात धरूनच म्हटलं, साहेब, वरच्या चावीपाशी बगा. बगितलं तर तितंच. तितं म्याडम उभ्या हुत्या, आमच्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई, इंदूरकडच्या, मराठी अगदी पुस्तकी बोलणार, त्या म्हणाल्या तुम्हाला कसं कळलं. मी म्हटलं ऐकू आलं की. दुसऱ्या दिशी झाडू दुसऱ्याच्या हातात गेला आन फुगा माझ्या हातात आला.

काय सांगू तुमास्नी, फुगा भरणं म्हंजे तान्हं बाळ न्हाऊ घालण्यागत हाय, घाई केली की गेला. अंगावर सुती लुगडं पायजे, नायलॉननं ठिणगी पडती आन त्यो ग्यास पेटायला ठिणगी बास हुती. काचंच्या बांगड्या काढून ठेवायच्या, नखं कापायची, हातात पांढरं सुती मोजं. ती मोजं खुंटीला ठेवली की कोणतरी फटफटी पुसायला न्यायचं, म्हणून दिवाळीपास्नं मी माझं जोड घरनं आणतो त्या पिशवीतच जपून ठेवायला लागलो. फुगा माणसाएवढा झाला की मान बांधायची आन दारात आणायचा. दारात आमचं राखणदार पाटील मामा, जोतिबाच्या डोंगरावरचं, तितं त्यांच्या भावाचं गुलाल-नारळाचं दुकान हाय. मी फुगा सोडला की मामा हात वर करून वरडणार, चांगभलं! आन मी म्हणणार जयभीम, आन फुगा दोघांचंबी ऐकून सरळ वर.

वर काय हाय ते मला म्याडमनी सांगितलं. म्हणाल्या, शेवंताताई, वर जाऊ तसं गार होत जातं. मी म्हटलं ते ठावं हाय, जोतिबाला चढलं की पदर गुंडाळावा लागतो. तसंच सतरा किलोमीटरपर्यंत, म्हणाल्या, तिथं सगळ्यात गार, शून्याच्या खाली ऐंशी. आन त्याच्या वर परत उबदार व्हायला लागतं. मी म्हटलं हे काय भलतंच, डोंगर चढला आन घाम आला! तर म्हणाल्या वरची हवा उन्हातलं जे जहाल असतं ते गिळती, म्हणून तापती, आन त्या थराला स्थितांबर म्हणायचं. आन त्या स्थितांबरात आपल्या उष्ण देशांवर वारं पाळीनं वाहतं. उसाला पाण्याची पाळी असती न्हवं, तशी पाळी. साधारण वरीसभर पूर्वेकडनं, मग वरीसभर पश्चिमेकडनं, थोडं मागंपुढं. आन नवं वारं कधी खालनं येत न्हाय, वरनंच येतं, महिन्याला किलोमीटरभर, म्हातारं माणूस जिना उतरावं तसं उतरतं. म्याडम ह्या पाळीच्याच मागं हुत्या. त्यांचं गणित सांगत हुतं की औंदा थंडी सरायच्या आत पश्चिमेचं वारं वरनं उतरायला लागंल. आपल्याकडं ते हलकं दिसतं, म्हणाल्या, विषुववृत्तावर खरा जोर, पण दिसतं, आन मला ते डोळ्यानं बघायचंय.

आन नेमकं तवाच फुगं फुटायला लागलं.

दिवाळी झाली आन सुरू. सोडला की झकास वर जायचा, दहा, बारा, पंधरा, आन सतरावर गेला की फट. परत दुसऱ्या दिशी सतरा. एकदा साडेसोळा. म्हंजे सगळ्यात गार जागा आली की संपला, स्थितांबराच्या उंबऱ्यावरच. आदी हेच फुगं तीसच्या वर जायचं. म्याडमनी फुग्यांचं खोकं बदललं, दुसरीकडनं नवं मागवलं, ग्यास कमी केला, जास्त केला, तेच. जेवण सुटलं बाईंचं. मग वरच्या हापिसातनं पत्र आलं की महिना सरायच्या आत वीसच्या वरची माहिती न्हाय दिली तर हितलं फुगं दुसऱ्या केंद्राला जातील. म्हंजे म्याडमचं गणित कागदावरच ऱ्हाणार आन माझ्या हातात परत झाडू. मला झाडूची लाज न्हाय, पावणं, पण ज्या हातानं आभाळात काय सोडलं त्या हाताला परत खाली बगवत न्हाय, खरं सांगतो.

असं चाललेलं असताना एक दिवस जतच्या पलीकडनं एक शेतकरी एस्टीनं आला. थंडीच्या दिसात फुटलेला फुगा तिकडंच पडतो, पूर्वेला. त्याच्या ज्वारीच्या रानात डबी घावली, डबीवर पत्ता असतोय, तर भला माणूस सोता घेऊन आला, आन दोरीला फुग्याची मान आन हातभर चिंधी तशीच. म्याडमनी ती चिंधी खिडकीजवळ धरली. पांढऱ्या रबरावर लालसर डाग, आन डागाच्या मधनंच फाटलेलं. त्यांनी एकदम मामांकडं बगितलं. मामा, हा गुलाल आहे ना?

मामांनी पयल्या दिशी डबीला गुलालाचं बोट लावलतं, ते समद्यांना ठावं हुतं. मामा म्हणालं, जोतिबाची आण, म्याडम, फुग्याला मी कधी हात लावला न्हाय. पर म्याडम चिडल्या हुत्या, तीन महिन्यांचा राग हुता त्यो, म्हणाल्या उद्यापासून तुम्ही फुग्याच्या जवळ यायचं नाही, मला हे वर कळवावं लागेल. मामांनी टोपी काढली आन भायेर धोंड्यावर जाऊन बसलं, आन म्या त्यांना टोपीबिगर कधी बगितलं न्हवतं.

चिंधी टेबलावर पडलेली. मी उचलली. डाग कसला, अंगठा हुता त्यो, अख्खा अंगठा. मी माझा अंगठा वर ठेवला, बरुबर बसला. मग नाकाला लावली.

लसूण.

पावणं, माझी चटणी हुती ती, घरची कांदा-लसणाची. भाकरीवर चटणी, चटणीवर शेंगतेल, फडक्यात गुंडाळलेली, आन त्याच पिशवीत माझी मोजं. जपून ठेवलेली! तेल फडक्यातनं मोज्यात, मोज्यातनं रबरात. उजेड व्हायच्या आत हातात घालत हुतो, डाग दिसायचा न्हाय, वास यायचा तर पिशवीलाच यायचा. आन मी पंक्चरवाल्याची लेक! बानं शंभरदा सांगितलेलं, आन तीन महिनं मीच त्या फुग्याला इख लावत हुतो.

खोटं बोलत न्हाय, गप बसावं असं आलं मनात. कुणाला कळणार हुतं? मोजं चुलीत घातली असती की झालं. आन आमच्यातल्या माणसाकडनं चूक झाली की चार तोंडं लगेच काय बोलत्यात ते बी मला ठावं हाय, झाडू काढून फुगा दिला तवा बोललतीच. पण खिडकीतनं मामांची बोडकी मान दिसत हुती. जो माणूस रोज माझ्या हातातल्या फुग्याला चांगभलं म्हणतोय, त्याच्यावर माझं पाप घालू व्हय? मी पिशवी घेतली, म्याडमच्या टेबलावर पालथी केली, भाकरी, चटणी, मोजं समदं, आन म्हटलं, म्याडम, गुलाल न्हाय. हुंगून बगा.

त्यांनी चिंधी नाकाला लावली. मग मोजा लावला, आन अशा शिंकल्या, अशा शिंकल्या! मी म्हटलं आता बोलतील. तर बाई खुर्चीत बसल्या आन हसायला लागल्या, हसता हसता डोळ्यांतनं पाणी, म्हणाल्या ताई, तीन महिने मी आकाशात चूक शोधतेय. मग उठून भायेर गेल्या, मामांच्या समोर हात जोडलं, माफी मागितली. आन मामा आत येऊन माझ्याकडं बगून म्हणालं, शेवंते, तुझ्या चटणीनं आभाळ फाडलं की गं!

तीन फुगं उरलं हुतं. नवी मोजं आणली, सोड्याच्या पाण्यात उकळली, उन्हात वाळवली. हात साबणानं तीनदा धुतलं, आदल्या दिसापास्नं तेल-चटणी बंद, भाकरी गुळासंगं. सकाळी फुगा भरला, मान बांधली. सोडला. मामांचं चांगभलं त्या दिशी पंचगंगेपर्यंत गेलं असंल.

मग समदी संगणकापुढं. मामांना आकडं वाचता येत न्हाईत, ते सारखं इचारणार, किती झालं? चौदा, मामा. किती झालं? सोळा. सोळानंतर त्यांनी इचारायचं सोडलं. सतरा आलं. शून्याखाली ऐंशी. म्याडमनी माझं मनगट धरलेलं, वळ उठला, बगा. सतरा आन अर्धा. अठरा. आन थंडी कमी व्हायला लागली, अठ्ठ्याहत्तर, पंच्याहत्तर, मी वरडलो, मामा, उंबरा वलांडला!

पडद्यावर फुग्याच्या वाटंची रेघ उमटती. आदी ती पूर्वेला, जतकडं चाललीती. विसाच्या वर मागं फिरली, कोल्हापूरकडं यायला लागली, म्हंजे वर पूर्वेचं वारं, जुनं. चोवीस, सव्वीस, मागंच येतीय. अठ्ठाविसाला रेघ थबकली. आन मग, पावणं, ती परत वळली. परत जतकडं! पश्चिमेचं वारं! म्याडम पुस्तकी मराठी इसरल्या, खुर्चीवरनं उठून म्हणाल्या, उतरलं की वो! आन मला मिठी मारली. फुगा तेहतीसावर फुटला, त्याच्या वक्ताला, मानानं.

उरलेल्या दोन फुग्यांनीबी तेच दाखवलं. वरनं पत्र आलं की केंद्र चालू ठेवा. म्याडमनी ह्या वाऱ्यावर जे लिवलं त्यात शेवटाला माझं नाव घातलंय, आन पाटील मामांचंबी. मी बाला फोन लावला, आता ऐंशीच्या वर हाय, ऐकायला कमी येतं, वरडून सांगितलं समदं, तेलाचा हातबी सांगितला. बानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, किती वर गेला? म्हटलं तेहतीस किलोमीटर. तर म्हणतोय, एवढंच? एवढं तर मी सायकलीवर जात हुतो. पण आवाज भरून आलता त्याचा, मला कानाला कळतंय.

आता दुसऱ्या केंद्रांवरची माणसं माझ्याकडं फुगा भरायला शिकायला येत्यात, शिकलेली पोरं-पोरी. त्यांना जो छापील कागद देत्यात, त्यात म्याडमनी पयलीच ओळ घातलीय, मोजे घालण्यापूर्वी हुंगून पाहावेत. छापलंय तसं, सरकारी कागदावर! माझी मोजं आता पत्र्याच्या डब्यात, आन चटणी मामांच्या चौकीत, ते निम्मी खात्यात, दंड म्हणून.

पश्चिमेचं वारं अजून उतरतंय, औंदा बावीसपर्यंत आलंय, मग परत पूर्वेचं येईल वरनं, पाळी काय चुकत न्हाय. तुमी एवढ्या लांबनं आलाय तर उद्या सकाळी टेकावर या, फुगा तुमच्या हातनं सोडू. मामा चांगभलं म्हणतील, मी जयभीम म्हणीन, तुमी तुमचं काय असंल ते म्हणा. तुमचंबी सतरा सुखानं पार पडू दे. पण आदी हात हिकडं करा, पावणं, हुंगू द्या.