मायचा फोटो

हासू नका, पन पुण्यात मी एकही भाषण चुकवत नव्हतो. एका विद्यापीठात पब्लिक पॉलिसी शिकून राह्यलो होतो तवा. दर शुक्रवारी तिथं सगळ्यांसाठी भाषण राहे. दोस्त कोनी नव्हता, खोलीवर करमे नाही, म्हणून जाऊन बसत होतो.

एकदा एक संशोधक मॅडम आल्या. विषय होता खेड्यातल्या एकट्या म्हाताऱ्यांचा. बोलता बोलता त्यांनी पडद्यावर फोटो लावला, आन् मी हादरलोच. दिग्रसजवळच्या आमच्या घराच्या दारात माही माय बसली होती!

मॅडम म्हणाल्या, "या आजींशी बोलायला घरात कोणीच नाही."

सारे हळहळले. मी खाली मान घालून बसलो. बाहेर निंघाल्यावर रागारागात मायले फोन लावला.

"माय, त्या बाईले तू फोटो कायले काढू देल्ला?"

"थे पोरगी तुह्या कॉलेजात आली काय?" माय एकदम खुशीत. "लय गोड पोरगी हाय. दुपारभर बसली माह्यापाशी, सारं इचारलं. तिले इचारून पाय बरं, पुन्हा कधी येते म्हणून."