नानांना न दिसणारी गाडी

हेडफोन लावून गेम खेळायचा तर वेगळं साऊंड कार्ड हवंच, असं बंगळुरूहून शिकून आल्यावर मी छातीठोकपणे सांगायचे. मला वाटलं होतं, धुळ्यातल्या घरी कार्ड बसवलं की नाना खूश होतील. झालं भलतंच.

नाना म्हणजे माझे वडील, बसचे ड्रायव्हर. ड्युटीवरून आले की हेडफोन लावून कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचे. डावीकडून येणारी गाडी त्यांना दर वेळी धडकायची.

"नाना, आवाजाकडे लक्ष द्या ना!"

"तुना डबामा आवाजच नहीं शे!"

मी मुंबईहून कार्ड मागवून बसवलं. तरी धडक चालूच. शेवटी मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर उलटा घातला, डावी बाजू उजव्या कानावर. आता डावीकडची गाडी त्यांना ऐकू आली आणि उजवीकडची गप्प झाली.

"कार्ड चांगलं शे, बेटा," ते हळूच म्हणाले. "मना डावा कान गयेल शे. बसनं इंजिन त्याच बाजूले ऱ्हास ना."

"आणि तरी तुम्ही बस चालवता? डावीकडून कुणी हॉर्न दिला तर?"

"आरसामा देखस. कोन्हले सांगू नको. डेपोले कळनं तं नोकरी जाई."

खरं बोलावं म्हणून मी सगळ्यांना भाषणं द्यायचे. तेव्हा मात्र मी हेडफोन गुंडाळून ठेवला.

सकाळी नाना खाकी घालून निघाले, तशी मीही चप्पल घातली. कुठे निघालीस, त्यांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर, डेपोत. तुम्ही सांगा, नाना. नाहीतर मी सांगेन."