सात नंबरची काठी

हसू नका, पण जयपूरला बदली झाली होती तेव्हा मी गोल्फ खेळायचो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. आमच्या विमा ऑफिसचे नवे साहेब गोल्फवेडे. त्यांनी विचारलं, ‘शेवडे, खेलते हो?’ मी ठोकून दिलं, ‘जी सर, अपना सेट है।’ झालं! आता रविवारच्या आत सेट उभा करणं आलं.

जुन्या सामानाच्या दुकानदाराने वेगवेगळ्या सेटांमधल्या सुट्या लोखंडी काठ्या पुढ्यात ओतल्या. ‘साबजी, पूरा सेट तो नहीं मिलेगा।’ म्हटलं, ‘भैया, मैं बनाऊंगा।’ आम्ही फायलीवाली माणसं, नंबर लागोपाठ लागले की आमचं समाधान. तीन ते नऊ जुळवल्याशिवाय मी उठलोच नाही. सात नंबर तर त्याच्या माळ्यावर चढून शोधून काढला.

रविवारी मैदानात साहेब म्हणाले, ‘यहाँ सात नंबर लो।’ ती घेऊन उभा राहिलो, तर काठीचं तोंड भलतीकडेच! साहेब वाकून बघायला लागले. ‘शेवडे, ये तो लेफ्टी की है!’

‘जी सर,’ मी म्हणालो आणि शांतपणे चेंडूच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. ‘सात नंबर मैं लेफ्टी ही खेलता हूँ।’

आणि बदली होईपर्यंत तीन वर्षं तस्साच खेळलो.