मृतदेहाच्या काळजीचे चार तास

रक्त तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे नर्सिंग शाळेतल्या दोघी शिक्षिका होत्या. थोरलीच्या हातात नव्या अभ्यासक्रमाचा कागद होता.

"बाई, चार तास कापायचेच आहेत आणि कागद आज जायला हवा. मृतदेहाची काळजी काढू या. परीक्षेत कधी विचारत नाहीत," धाकटी म्हणाली.

"मेलेले तक्रार करायला येत नाहीत, म्हणून?"

"तसं नाही हो. मग जंतुसंसर्गाचे तास कापू का?"

"ते कसे कापशील? तिथे जीव जातात."

"मग तुम्हीच सांगा. अंग काय, वॉर्डातली मावशीही पुसते."

"पुसते गं. आपण मुलींना त्या माणसाशी बोलत बोलत पुसायला शिकवतो."

"त्यालाच तर मुली हसतात."

"गेल्या महिन्यात आमचे हे गेले, तेव्हा मी पडद्याबाहेर उभी होते. आत आपलीच एक विद्यार्थिनी होती. म्हणाली, 'काका, आता कुशीवर वळवते हं. पाणी कोमट आहे.'"

"बाई..."

"मला क्षणभर वाटलं, शुद्धीवर आले."

"राहू दे मग. मी दुसरं काहीतरी शोधते."

"दुसरं काही नाहीये. मी तीनदा पाहिलंय. पेन दे इकडे, मीच खोडते."