भाडं अख्ख्या खोलीचं

...नाही, तुम्ही आधी मला सांगा, कपाट म्हणजे काय माणूस आहे का? मग ते माझ्याच खोलीत माझ्यापेक्षा ऐसपैस का? तुम्हाला सांगतो, घरमालकीणबाईंच्या सासूबाईंचं सागवानी कपाट, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वर कुलूपबंद! बायको स्टोव्हपाशी वळली की मी खाटेवर चढतो, मी शर्ट घालायला हात वर केले की ती दाराबाहेर जाते... आणि भाडं मात्र अख्ख्या खोलीचं!

बरं, मी कुठला मोठा साहेब? चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. दिवसभर लोकांना विचारतो, 'आता स्पष्ट दिसतंय का?' अहो, मला स्पष्ट दिसतंय, पगार पहिल्या आठवड्यातच गार! भाडं, वीज, बसचा पास, आणि उरलेलं... उरलेलं म्हणजे काय असतं हो? दुकानमालकाला म्हटलं, साहेब, पगाराचं जरा बघा. तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणतात, "बघतोय ना!" तीन वर्षं बघतायत.

तरी मी गप्पच होतो. पण बायकोला सातवा लागला. बाळाला ठेवायचं कुठे? माझ्या डोक्यावर? गेलो घरमालकीणबाईंकडे. "मावशी," म्हटलं, मावशी म्हटलं की बाई विरघळते हा माझा गैरसमज, "मावशी, ते कपाट तेवढं हलवा." तर गालावर हात ठेवून, "अगं बाई! हलवू कुठे रे? खालच्या खोल्या भाड्याने, वरच्या भाड्याने, मी स्वतः जिन्याखाली झोपते! आणि कपाटाचे वेगळे पैसे लावले का तुला? फर्निचरसकट खोली दिलीय मी!"

फर्निचरसकट! ज्याच्या चाव्या त्यांच्या कमरेला! आम्ही जेवायला बसलो की ह्या हजर, "उठा रे जरा," ताटं घेऊन आम्ही बाहेर, ह्या कपाट उघडणार, एक जुना स्वेटर हुंगणार, परत ठेवणार, कुलूप. भाडं मात्र अख्ख्या खोलीचं!

बायको म्हणते, "अहो, गोड बोला." म्हटलं, गोड बोलून बोलून मधुमेह व्हायची वेळ आली! गेलो तरातरा. "मावशी, एक तर कपाट, नाहीतर आम्ही!" आणि काय सांगू... त्या चक्क हो म्हणाल्या! "नेते रे बाबा. लेकरू येणार घरात." माझे डोळे भरून आले हो! म्हटलं, काय देवमाणूस, आणि मी मेला उगाच... तेवढ्यात त्या म्हणतात, "म्हणजे खोली आता दीडपट झाली. भाडंही दीडपट."

"अहो, पण भाडं तर आम्ही अख्ख्याच खोलीचं देतोय!"

"ते कपाटवाल्या अख्ख्या खोलीचं रे. ही मोकळी अख्खी."

ह्याला उत्तर आहे तुमच्याकडे? दुसऱ्या खोलीसाठी शहरभर वणवण केली. एका एजंटने दाखवलेल्या खोलीचं दारच पूर्ण उघडेना, तर म्हणतो, "साहेब, तुम्ही बारीक आहात, तुम्हाला चालेल." शेवटी काय... हात जोडले. मीच! ह्याच दोन हातांनी! "मावशी, कपाट राहू द्या."

मुलगी झाली. आता हिला ठेवायचं कुठे, म्हणून मी डोक्याला हात लावून बसलेलो. बायको उठली, मावशींकडे गेली, काय गोड बोलली देव जाणे, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणाची चावी घेऊन आली! खण ओढला, जुन्या साड्या बाहेर, मऊ चादरीची घडी आत, आणि त्यात आमची लेक... अगदी मापात! इतकी शांत झोपली म्हणून सांगू, मला हसावं की रडावं कळेना.

मावशी बघायला आल्या. बोटं कडाकडा मोडली. "गुणाची गं माझी बाय! एका खणात मावतेय तोवर फुकट हो. पाय लांबले की मग बघू."

लोक आपल्या लेकराला म्हणतात, लवकर मोठी हो. आम्ही दोघं रोज त्या खणावर वाकून म्हणतो, सावकाश गं बाई... अगदी सावकाश.