सतराचा पाना

बाबा: ‘तुटला’ हे काय उत्तर झालं? पट्टे तुटतातच. कसा तुटला ते सांग.

लेक: बाबा, मी अर्धी लोडरच्या पोटात आहे. मान वळवायला जागा नाही इथे.

बाबा: चावी कुठे आहे?

लेक: माझ्या खिशात.

बाबा: पुढचं बकेट?

लेक: जमिनीला टेकवलंय. दर वेळी विचारता.

बाबा: दर वेळी विचारणार. माझे गुडघे वाकत असते तर मी असा खुर्चीत बसून तुला छळलं नसतं. बोल आता.

लेक: शनिवारी नवा पट्टा घातला. आज गुरुवार. सकाळी लोडर शेडमधून काढला आणि पट्टा फाटकाशीच फाटकन गेला. साइटवर पोचलेही नाही.

बाबा: ड्रायव्हर काय म्हणतो?

लेक: त्याला काढलं ना बाबा. शनिवारीच. तुम्हाला सांगितलं होतं.

बाबा: हां. सांगितलं होतंस. अकरा वर्षं होता तो आपल्याकडे.

लेक: माहीत आहे मला. पण महिन्यात दोन पट्टे तुटले त्याच्या हातून. विचारलं तर तोंड शिवल्यासारखा उभा. मला राग आला, म्हटलं उद्यापासून येऊ नकोस.

बाबा: आणि तिसरा तुटला तेव्हा चालवत कोण होतं?

लेक: मी.

बाबा: मग स्वतःलाही काढून टाक. बरं, हसू नकोस. तुटलेला पट्टा हातात घे. बाजू कशा दिसतात? काचेसारख्या चकचकीत?

लेक: नाही. नव्यासारख्याच आहेत.

बाबा: म्हणजे घसरत नव्हता. सैल असता तर किंचाळला असता, जळका वास आला असता. एका बाजूला धागे निघालेत का?

लेक: नाही. दोरा धरून पाहिला मघाशी. इंजिनाची पुली, पंपाची पुली, दोन्ही एका रेषेत आहेत.

बाबा: न सांगता पाहिलास? छान. मग आता पंपाची पुली हाताने फिरव. डोळे मिट आणि फिरव.

लेक: खरखरतेय. आत वाळू असल्यासारखी. थोडी हलतेही आहे.

बाबा: बेअरिंग गेलं. पट्टा कसा, ओढून ओढून तुटलेल्या दोरीसारखा?

लेक: अगदी तसाच. आतले दोरे लांब होऊन तुटलेत.

बाबा: सोपं आहे मग. हा पट्टा वाजवीपेक्षा जास्त ताणलेला होता. ताणाच्या बोल्टचे किती आटे शिल्लक आहेत?

लेक: एकही नाही. शेवटाला टेकलाय.

बाबा: शनिवारी किती होते?

लेक: अर्ध्याहून जास्त. मी मोजले होते. तुम्ही इथेच बसला होतात.

बाबा: म्हणजे कुणीतरी रोज ताणतंय. या जुन्या मशीनला आपोआप ताण घेणारी पुली नाही, पाना लावल्याशिवाय बोल्ट हलत नाही. सोमवारी अंगठ्याने दाबून बघायचं, लागलं तर पाव आटा, की आठवडाभर हात लावायचा नाही. एवढं ज्याला कळत नाही त्याला मशीनजवळ उभं करू नये. कोण आहे तो?

लेक: कोण असणार बाबा? शनिवारपासून मीच तर आहे.

बाबा: तू नाहीस. तुझा हात मला माहीत आहे. पट्ट्यावरच्या गार्डचं झाकण उलटं कर. खडूच्या रेघा मोज.

लेक: राहू दे ना. बेअरिंग बदलून टाकते.

बाबा: बेअरिंग बदलशील, पट्टा बदलशील, पुढच्या गुरुवारी पुन्हा इथेच. कारण शोधल्याशिवाय वस्तू बदलायची नाही, हे कुणी शिकवलं तुला? एकदा ताणलं की एक रेघ. माझा नियम आहे, इथे सगळे पाळतात. मोज.

लेक: एक.

बाबा: एक मोजायला एवढा वेळ?

लेक: सात आहेत.

बाबा: पाच दिवसांत सात. आणि रेघा ओढल्यात, म्हणजे लपवाछपवी नाही. आपल्याच शिस्तीतला माणूस आहे. एखादी रेघ जवळून बघ. कशी आहे?

लेक: पहिली माझी. सरळ.

बाबा: आणि बाकीच्या?

लेक: बाबा, ऊन आलंय, घरात चला. मी चहा टाकते.

बाबा: बाकीच्यांना खाली शेपूट आहे का? डावीकडे वळलेलं?



लेक: आहे.

बाबा: बोटाचं पेर गेल्यापासून खडू घसरतो माझा. सहाही माझ्याच?

लेक: सहाही.

बाबा: मला एकही आठवत नाही गं. तू अंघोळीला जातेस तेव्हा मी इथे येतो, एवढं आठवतं. वाटतं, आज सोमवार आहे. रोजच वाटत असणार.

लेक: होतं असं बाबा. वय झालं की होतं.

बाबा: माझी समजूत काढू नकोस. आधीचे दोन पट्टेही मीच तोडले. तो गरीब काही बोलला का जाताना?

लेक: म्हणाला, ताई, सकाळी निघण्याआधी ताणाचा बोल्ट तेवढा बघत जा. मला वाटलं, जाता जाता मलाच शिकवतोय. मी तोंड फिरवलं.

बाबा: म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी घट्ट करायचो, तो साइटवर जाऊन सैल करायचा. जमेल तेवढे दिवस केलं त्याने. तुझी बोलणी खाल्ली, घरी बसला, पण उस्तादाचं नाव घेतलं नाही. मी काय शिकवलं होतं त्याला एवढं?

लेक: सगळंच तुम्ही शिकवलंत. त्याला आणि मलाही. बाबा, रडू नका ना. मला बघवत नाही.

बाबा: रडत नाही. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. फोनवर नको, जाऊन भेट. माफी माग आणि सांग, उस्तादाने बोलावलंय.

लेक: जाते. मी चुकलेच आहे त्याच्याशी.

बाबा: आणि हा घे. सतराचा पाना, ताणाच्या बोल्टला हाच लागतो. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून खिशात आहे माझ्या. तुझ्याकडे ठेव.

लेक: नको बाबा. असू दे तुमच्याजवळ. मी शेडला कुलूप लावीन हवं तर.

बाबा: कुलूप लावलंस तर मी किल्ली मागेन आणि तुला नाही म्हणता येणार नाही. हा घे. मी मागितला तरी द्यायचा नाही. ओरडलो, बापाला उलट बोलतेस म्हणालो, तरी नाही. कबूल कर.

लेक: कबूल.

बाबा: असं पुटपुटून नाही.

लेक: कबूल, बाबा. मागितलात तरी नाही देणार.

बाबा: शहाणी आहेस. ते झाकण पूस आता. खडू ओल्या फडक्याने जातो.

लेक: पुसते. तुम्ही उठू नका, मी हात देते. हळू. पायरी आहे.

बाबा: दिसते मला पायरी. बेअरिंग चांगलं बघून आण. फिरवून बघ दुकानातच, डोळे मिटून.

लेक: आणते. बसा इथे सावलीत. चहा आणू?

बाबा: आण. साखर जरा सढळ हाताने. आणि हे बघ, माझ्या खिशात पाना होता, दिसत नाही. कुणी घेतला का गं? आज सोमवार ना, पट्टा बघायचा राहिलाय.

लेक: बघितलाय मी, बाबा. चहा आणते, तुम्ही बसा.