इथं काही सुधारायचं नाही

— नाही नाही, दुकान उघडंच आहे, फक्त दुकानदारीण नाहीये. या ना ताई, आलात ते बरंच झालं, हे टोक जरा धराल? ह्या दोऱ्याचं. असं, ताणून. दोन हातांचं काम नाही हो हे, तिसरा लागतोच, ही एकटी कशी करते देव जाणे. ही म्हणजे माझी बायको. ती मागच्या टेकडीवर पानं वेचायला गेलीये, येईल आता — आता म्हणजे किती वाजता ते मला विचारू नका, मीही सकाळी विचारलं होतं, तर माझ्याकडे असं काही बघितलंन की मी आपला चहाचे कप विसळायला लागलो. तुम्ही कापड न्यायला आलात? तरीच. बरीच माणसं येतात तशी. कुणी जुनी चादर आणतं, कुणी बाळाचं दुपटं, आणि ही त्याच्यावर पानांचे ठसे उठवून देते — रंगाचा डबा नाही, ब्रश नाही, नुसती पानं. बसा त्या स्टुलावर. बसा, पण दोरा सोडू नका.

काम तसं सोपं आहे बघा. कापड तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, त्यावर पानं मांडायची, काठीवर गुंडाळून घट्ट वळकटी करायची, दोऱ्यानं करकचून बांधायची आणि मंद वाफेवर ठेवायची. इथवर मला पटतं. पण पुढे काय — तर पुढे काही नाही. फळीवर पडू द्यायची. मुरू द्यायची म्हणे. किती दिवस, तर ते वळकटी ठरवणार. आता सांगा, गिऱ्हाईक दारात उभं, माल तयार, आणि माल आपला फळीवर पांघरूण घेऊन झोपलाय. पडून राहिलेला माल बघितला की मी आपला घड्याळाकडे बघायला लागतो. सवय हो, दुसरं काय. मी शिलाईच्या कारखान्यात वेळ मोजायला होतो. हसा, हसा, सगळेच हसतात, पण असतं असं काम. शिवणाऱ्या बायकांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं — हात पुढे गेला, कॉलर उचलली, सुईखाली सरकवली, कात्री शोधली — ही कात्री शोधली ना, की मी तिथं बोट ठेवायचो. कात्री उजव्या हाताशी टांगा. संपलं, शोधणं वाचलं. कामाचे असे बारीक बारीक तुकडे करायचे आणि ज्या तुकड्यानं कॉलर पुढे जात नाही तो काढून टाकायचा. मला काटा म्हणायचे तिथं. घड्याळातला बरं का, पायातला नाही. निदान मी तरी तसंच धरून चाललो होतो.

मग निवृत्त झालो. निवृत्त झालेला माणूस काय करतो? घरात बसतो. आणि घरात बसून काय करतो? घर बघतो. इतकी वर्षं मी माझं स्वयंपाकघर कधी धड बघितलंच नव्हतं हो, आणि बघतो तर काय, आमच्या बाईसाहेब शेगडीपाशी उभ्या, आणि मिठाचा डबा कुठे, तर पार पलीकडे खिडकीत. चहाची साखर खिडकीत. हळद खिडकीत. काही लागलं की चालल्या खिडकीशी. बरं, जायचं आणि डबा उचलून परत यायचं, तर तेही नाही, जायचं आणि तिथं उभं राहायचं. मी बघत बसलोय, भाजी इकडे तडतडतेय आणि ही तिकडे उभी. मला म्हातारपणी एवढी दमणूक बघवेना — प्रेमानंच केलं मी ते, ताई, खरं सांगतो. ती बाजारात गेली तशी एक फळी ठोकली शेगडीच्या बाजूला, सगळे डबे एका ओळीत, हात लांबवला की मीठ, हात लांबवला की हळद. तिनं येऊन बघितलं. म्हटलं, कसंय? म्हणाली, छान आहे. मी विचारलं, सोयीचं आहे ना? म्हणाली, हो, आता कुठे जायला नको.

तेवढंच म्हणाली. आणि मी खूश. पाठ थोपटून घेतली स्वतःची. पुढे दूधवाला, मग कपाटं, मग तिची दुपारची झोप — सगळ्याला हात घातला मी, सुधारायला काय, एकदा सुरुवात केली की अंत नाही. ती हळूहळू कमी बोलायला लागली. मला वाटलं, वेळ वाचतोय. मग एक दिवस बॅग भरली, मैत्रिणीचं हे घर रिकामं पडलंय, चार दिवस जाऊन येते म्हणाली. चार दिवस कसले. आयुष्यात कधी एकटी सिनेमाला न गेलेली बाई, ह्या वयात इथं एकटी राहिली, पानं उकळायला शिकली, हात जांभळे-काळे करून घेतले, दाराला पाटी लावली. मी फोन करायचो, कधी येतेस? म्हणायची, बघते. आमची लेक मला म्हणाली, बाबा, आई त्या खिडकीतून समोरचं झाड बघायची हो, तेवढंच तिचं होतं दिवसभरात. मी म्हटलं, मग सांगायचं ना. तोंड नव्हतं का? झाड बघायला जाते म्हणाली असती तर मी डबा हलवला असता का? — हलवला असता. खोटं कशाला बोलू. म्हटलं असतं, झाड एकदा बघितलं की झालं, ते काय उद्या वेगळं दिसणारे?

दोरा ढिला झाला तुमचा. हां, असा. — आता तिकडे आमच्या घरात सगळं हाताशी आहे. मीठ हाताशी, टॉवेल हाताशी. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहिलो ना, की एकाही गोष्टीसाठी एक पाऊल उचलावं लागत नाही, नुसता उभा. भीती वाटते हो. ते जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे, तुम्ही कापड न्यायला आलात.

तर मी इथं पाहुणा आहे, पानगळ संपेपर्यंत. पुढचं मग ठरवू म्हणाली. ठरवू म्हणजे ती ठरवणार, मी आपला मान हलवणार. अट एकच घातलीये — इथं काही सुधारायचं नाही. बसायचं, हिंडायचं, झोपायचं, पण सुधारायचं नाही. म्हटलं, त्यात काय मोठंसं? अहो, तोंडाला फेस आला. ते मागचं, टेकडीकडचं फाटक दिसतंय ना, कुरकुरतं? थेंबभर तेलाचं काम आहे. रोज ऐकतो आणि हात मागे बांधून फिरतो. पहिल्याच दिवशी तिनं मला कागद-पेन्सिल दिली आणि समोर एक पान ठेवलं, म्हणाली, हे काढ. शाळा सुटल्यापासून चित्र म्हणून काढलं नव्हतं मी, लाज वाटली, पण काढलं चटकन. म्हटलं, झालं, पुढचं दे. म्हणाली, पुढचं नाही, हेच परत. परत काढलं. परत तेच. चौथ्या की पाचव्या खेपेला ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि एकदम हसायला लागली — कितीतरी दिवसांनी हसली हो, म्हणून मीही हसलो, कारण न कळताच. मग तिनं बोटानं दाखवलं. पानाची एक कड किडीनं खाल्लेली होती, भोकंही होती दोन-तीन, आणि मी प्रत्येक चित्रात ती कड नीट भरून काढली होती. अख्खं पान. म्हणाली, पानसुद्धा सोडलं नाहीस रे. मी काही मुद्दाम नव्हतं केलं, ताई. मला ते खाल्लेलं दिसलंच नव्हतं. त्या रात्री झोप नाही आली नीट. दुसऱ्या दिवसापासून जरा बसायला लागलो झाडाखाली. मुंग्या येतात पायावर. बसतो. पाय हलतो आपोआप, पण बसतो. ती लांबून बघते आणि काही बोलत नाही, आणि ते न बोलणं पूर्वीसारखं नाही, हे मला कळतं.

म्हणून तर हे पटकन आवरायला हवं. फिरवा तुमच्याकडून एक वेढा. — काय आवरायला हवं? हेच. ही वळकटी. नाही, ही माझी नाही, तिनंच बांधलेली, म्हणजे तिनं बांधली होती, मी आता — अहो, दुपारी इथं एकटा बसलो होतो. नुसता. तिनं सांगितलं होतं, गिऱ्हाईक आलं तर बसव. गिऱ्हाईक येईना. फळीवर ह्या सगळ्या पडलेल्या, आणि ही एक वेगळी ठेवलेली, कोपऱ्यात, वरून मऊ फडकं घातलेलं. हात लावून बघितला तर कोरडी लागली. म्हटलं, झालीये की तयार. उगाच पडलीये. सोडून, इस्त्री करून, घडी घालून ठेवली तर ती आल्यावर म्हणेल, अरे वा — बघा, अजून ह्या वयात मला अरे वा हवंय. सोडली. आत ओलीच होती. ठसे फिके, एका बाजूला तर फरपटलेत. पाच मिनिटांत काय केलं मी हे. तेवढ्यात तुम्ही आलात. म्हटलं, परत बांधून ठेवू, मुरेल उरलेलं, कुणाला कळतंय. तुम्ही मात्र बोलू नका काही. नाही ना बोलणार?

असं काय बघताय? दोरा सोडलात तुम्ही. — कुठलं पान? हे, दोन टोकांचं, आपट्यासारखं पण आपटा नव्हे ते? हो, ही सगळी तशीच आहेत. मलाही नाव ठाऊक नाही त्याचं. तुमच्या अंगणातलं — म्हणजे हे कापड तुमचं? अहो, मग आधी बोलायचं नाही का. नाही, मीच बोलू दिलं नाही म्हणा. आल्या आल्या दोरा दिला हातात. बरं, मग सोप्पं झालं, ताई, पानं अंगणातलीच ना, आणखी चार आणून द्या, ही नवीन करून — काय? कधी तोडलं? भिंतीसाठी? वडिलांनी लावलेलं झाड भिंतीसाठी तोडलं? आणि ही त्याच्यावरची — ही शेवटची.

पाणी पिता का थोडं? नको. बरं. मलाही नको. — म्हणून ती ह्याच्यावर फडकं घालून ठेवत होती. रोज सकाळी नुसता हात ठेवायची, उघडायची नाही. मी म्हणायचो, काय ताप बघतेस का त्याचा?

एक विचारू? रागावू नका. तुम्ही जर म्हणालात की तुम्हीच मला उघडायला सांगितलंत — तुम्हाला घाई होती, गाडी होती, काहीही — कापड तुमचंच आहे, तुम्हाला ती काय बोलणार? तुमचं एक वाक्य जाईल, आणि माझं इथं — मला परत त्या स्वयंपाकघरात नाही जायचं हो, ताई. तिथं नाही उभं राहवत मला. तुम्ही नुसती मान हलवलीत तरी पुरे. — नका हलवू. नाही, बरोबर आहे. तुमचं झाड गेलं आणि वर तुम्हीच माझ्यासाठी खोटं बोला, हे म्हणायला जीभ तरी कशी उचलली माझी.

ती बघा, आली. त्या उतारावर, पिवळी टोपली. अजून लांब आहे, ती सरळ येतच नाही कधी, दर झाडापाशी थांबते — तेवढ्यात बांधून होईल. दोन वेढे राहिलेत. वर फडकं घातलं की जशीच्या तशी. तुम्ही नाही बोललात, मी नाही बोललो, तर — नाही. राहू दे. तो दोरा द्या इकडे. उलगडू आपण. ते टोक तुमच्याकडे ओढा, हळू, पानं निघतील. असंच राहू दे टेबलावर, पसरलेलं, दारातून दिसेल असं. फिका आहे पण ठसा आहे, बघा, शिरा दिसताहेत. ह्याचं पुढे काय करायचं ते ती सांगेल तुम्हाला, मला ह्यातलं काही कळत नाही. मी हात लावणार नाही.

आणि तुम्ही आता निघा. पुढच्या दारानं जा, रस्त्याच्या बाजूनं. नाही, तुम्हाला हाकलत नाहीये, उद्या या, परवा या, तिच्याशी भांडा, माझ्याशी भांडा. पण आत्ता थांबू नका. तुमच्यासमोर ती मला काही बोलणार नाही. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे, परक्या माणसासमोर हसेल, छान आहे म्हणेल, आणि गिळून टाकेल. तसं नकोय मला आज. आज तिला बोलू दे. काय बोलायचं ते सगळं, हवा तेवढा वेळ. जा ना, ताई. फाटक वाजलं.